वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटते

नमस्कार मॅडम,

माझं वय ३८. मराठी घेऊन बी.ए. केलं, टायपिंगच्या तीस-चाळीस दोन्ही परीक्षा पास आहे. चार महिन्यांपूर्वी नागपुरात सिव्हिल लाइन्सला एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. सरांकडे शेतरस्ता, वाटणी, वारस अशीच प्रकरणं जास्त. सर खुर्चीत रेलून, डोळे मिटून एका दमात बोलतात, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात माझ्या डोक्यातून निसटलेली असते. मागच्या महिन्यात त्यांनी सांगितलेलं वाक्य असं होतं (ऑफिसातले जुने कारकून मुन्शीजी, त्यांनी नंतर मला लिहून दिलं):

"अर्जदाराच्या वडिलांनी गैरअर्जदार क्रमांक २ याच्या आजोबांकडून नोंदणीकृत खरेदीखताने विकत घेतलेल्या शेताच्या उत्तर धुऱ्यावरून गैरअर्जदार क्रमांक १ याच्या शेतालगत जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावर त्याने काट्याचे कुंपण घालून अडथळा निर्माण केला आहे."

मी शेवटच्या 'त्याने'च्या जागी 'गैरअर्जदार क्रमांक २ याने' टाईप केलं. अडवणारा होता क्रमांक १. अर्ज तहसीलमध्ये गेला, पेशीला (सुनावणीला) समोरच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं, दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला. सर म्हणाले, "बाई, मी बोललो ते लिहा, तुम्हाला समजून राहिलं ते नका लिहू." खरं सांगते, मला वाटलं ज्याच्या आजोबांनी शेत विकलं तोच आडवा आला असेल. माझ्या माहेरी, काटोलला, अगदी असंच झालं होतं.

आमचे मुन्शीजी दहावीच्या पुढे शिकलेले नाहीत, पण सरांचं असं वाक्य एकदा ऐकून जसंच्या तसं म्हणून दाखवतात. माझ्या आईला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता, म्हणून मला जास्तच धास्ती वाटते. साडेसहाशे रुपयांची मेमरी पावडर सुरू केली आहे, मोबाईलवर मेंदूचे गेमही खेळते. नोकरी सोडू का? आणि सरांना काय सांगू?

— एक वाचक, मानेवाडा


मानेवाड्याच्या ताई,

सरांचं वाक्य तुम्ही शब्दन्‌शब्द पाठवलंत, हे फार बरं केलंत. नाहीतर मीही 'झोप पुरेशी घ्या, बदाम भिजवून खा' असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. आता वाक्यच समोर आहे तर आधी त्याचीच झडती घेऊ. सरांना राग येईल, पण ते हे सदर वाचत नसावेत.

'अर्जदाराच्या वडिलांनी'. इथे 'नी' लागला, म्हणजे वडिलांनी काहीतरी केलं. काय केलं ते कळत नाही, तेवढ्यात दुसरा गैरअर्जदार येतो, त्याचे आजोबा येतात, 'कडून' येतं. आता दोघंही क्रियापदाची वाट बघत थांबलेत. पंगतीत ताटं मांडली, माणसं बसली आणि वाढपी अजून स्वयंपाकघरातच, अशी ही अवस्था. 'विकत घेतलेल्या' आल्यावर पहिली पंगत उठते. तोवर शेत आलं, त्याचा धुरा, म्हणजे बांध, आला, दुसऱ्याचं शेत आलं, रस्ता आला आणि मग सर म्हणाले, 'त्याने'. कोणी? वाक्यात वडील आहेत, आजोबा आहेत, क्रमांक १ आहे, क्रमांक २ आहे. चौघंही पुरुष (वडिलांना आणि आजोबांना आदराचं अनेकवचन आहे, तेवढ्याने ते बाजूला होतात), चौघांचाही शेताशी संबंध. 'अडथळा निर्माण केला' हे शब्द कानावर पडताच डोकं मागे वळून कर्ता शोधतं, आणि तिथे सारखेच दिसणारे दोन जण उभे असतात.

याच क्षणी काय होतं यावर बराच अभ्यास झाला आहे. रिचर्ड लुईस आणि श्रवण वशिष्ठ या दोघांनी २००५ मध्ये मांडलं की वाक्य समजणं ही मुळात आठवणीतून नेमकी गोष्ट काढून आणण्याची क्रिया आहे. क्रियापद आलं की डोकं खुणांवरून त्याचा कर्ता शोधतं, आणि त्याच खुणांची एकाहून जास्त नावं असली की ती एकमेकांच्या आड येतात. वशिष्ठ जर्मनीत पोट्सडाम विद्यापीठात शिकवतात. त्यांचं बरंचसं काम हिंदी वाक्यांवर आहे, म्हणून आपल्या कामाचं, कारण हिंदीचंही क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. त्यात एक गंमत निघाली. नाम आणि क्रियापद यांच्यामध्ये अंतर वाढलं की क्रियापद दरवेळी जडच जातं असं नाही. कधीकधी मधल्या शब्दांवरून पुढे कोणतं क्रियापद येणार याचा अंदाज येतो आणि ते उलट लवकर वाचलं जातं. तेव्हा सरांची वाक्यं लांब आहेत एवढंच कारण पुरत नाही. त्यात एकाच साच्याची माणसं जास्त आहेत, हा खरा त्रास.

आता काटोलकडे येऊ. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच. क्रमांक १ हे नाव क्रमांक २ च्या नंतर आलं होतं, जास्त ताजं होतं. नुसत्या धरून ठेवण्यावर गोष्ट असती तर तुमची चूक दुसऱ्या बाजूला झाली असती. तुम्ही मागच्याला उचललंत, कारण 'आजोबांनी शेत विकलं आणि नातू आडवा आला' ही गोष्ट तुम्ही माहेरी डोळ्यांनी पाहिली होती. सरांच्या वाक्यात एक जागा रिकामी होती आणि तुमच्या आठवणीने ती भरली. म्हणजे तुमची स्मरणशक्ती त्या दिवशी हजर होती, जरा जास्तच हजर होती. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हेच दाखवलं होतं. त्याने इंग्रज वाचकांना दूरच्या, अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळाले आणि त्यांच्या जागी वाचकांच्या ओळखीच्या गोष्टी आल्या, कथेतल्या डोंगीची साधी होडी झाली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं.

'मी बोललो ते लिहा, तुम्हाला समजलं ते नको' हे सरांचं म्हणणं वकिलीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे. माणसाच्या डोक्याकडून मात्र ती अवघड मागणी आहे. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना एक मजकूर ऐकवला, मध्येच थांबवलं आणि आधी ऐकलेलं एक वाक्य पुन्हा ऐकवून विचारलं, हेच होतं की बदललंय? वाक्य नुकतंच ऐकलेलं असेल तर कुठलाही बदल ओळखू येत होता. पण मध्ये ऐंशी अक्षरांचं बोलणं गेलं, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर, की शब्दांची फिरवाफिरव कळेनाशी झाली. 'अमक्याने तमक्याला पत्र पाठवलं' आणि 'अमक्याकडून तमक्याला पत्र पाठवलं गेलं' यांत लोकांना फरक दिसेना. अर्थ बदलला असेल तर मात्र लगेच पकडायचे. म्हणजे डोकं अर्थ ठेवून घेतं आणि शब्द टाकून देतं. रोजच्या व्यवहाराला हे सोयीचंच आहे. घराघरांतली 'तू असं म्हणालीस', 'मी असं म्हणालेच नाही' ही भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात, पण ते पुन्हा केव्हातरी.

यावरून कामाचं सूत्र एकच निघतं: जिथे शब्द जसेच्या तसे हवेत, तिथे डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही. तुम्ही नाही, सरांनीही नाही.

मग मुन्शीजी कसे म्हणून दाखवतात? इथे तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखताय. जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा एक लेख फार गाजला (नागपूरची राजधानी गेली तेच साल, एवढाच आपला त्याच्याशी संबंध). माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो, दोन इकडे, दोन तिकडे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि तो चारच्या आसपास आणला. चार! पण मिलर यांचा खरा मुद्दा आकड्याचा नव्हताच. 'एक गोष्ट' कशाला म्हणायचं ते प्रत्येकाच्या आधीच्या माहितीवर ठरतं, असं ते सांगत होते. 'मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक अमुक, आराजी अमुक' हे तुम्हाला आठ-दहा तुकडे वाटतात. मुन्शीजींना तो एक तुकडा आहे, वर्षानुवर्षं ऐकून घट्ट झालेला. 'नोंदणीकृत खरेदीखताने विकत घेतलेल्या' हाही एक. तुमच्या हातात तीस सुटे शब्द, त्यांच्या हातात चार गठ्ठे. जागा दोघांकडे तेवढीच.

बुद्धिबळावरचा प्रयोग याला चांगला पुरावा आहे, आणि दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक आणल्यापासून नागपुरात बुद्धिबळाचं उदाहरण कोणालाही चालतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये निष्णात आणि नवख्या खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून मोहरी परत मांडायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असेल तर निष्णात खेळाडू कितीतरी पुढे. मोहरी कशीही विखरून ठेवली तर त्यांचं आणि नवख्यांचं जवळजवळ सारखंच. मुन्शीजींनाही कोणी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा अहवाल एका दमात वाचून दाखवला, तर तेही तिसऱ्या ओळीला 'काय म्हणून राहिले सायेब' असंच विचारतील.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. माणसामाणसांत फरक असतो. मेरेडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्ये एक चाचणी केली: एकामागून एक वाक्यं मोठ्याने वाचायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला अखेरचा शब्द सांगायचा. ज्यांना जास्त शब्द सांगता आले त्यांना उताराही जास्त समजत होता. तुमच्या सरांना हा प्रयोग कळला तर ते खूश होतील. पण पुढे २००२ मध्ये मेरिलेन मॅकडोनल्ड आणि मॉर्टन क्रिस्टियनसन यांनी विचारलं की ही चाचणी नेमकं काय मोजते? तिच्यात वाचनच करायचं आहे, तेव्हा ज्याने जास्त वाचलंय तोच पुढे जाणार. वाद अजून मिटलेला नाही, पण माझा कौल मॅकडोनल्ड आणि क्रिस्टियनसन यांच्या बाजूला आहे. चार महिन्यांत माणसाची स्मरणशक्ती तपासून निकाल द्यायचा नसतो. चार महिन्यांत कोर्टाची भाषाही अंगात मुरत नसते.

आईबद्दल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, पण तुमच्या पत्रात तिला आधार दिसत नाही. स्मृतिभ्रंशात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतं, हातच्या सवयीची कामं अडतात, आणि बरेचदा ते स्वतःच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. तुम्ही महिनाभरापूर्वीच्या चुकीची कारणमीमांसा, माहेरच्या घटनेसकट, दोन पानांत लिहून पाठवली आहे. तरी मनाला लागून राहिलं असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून या, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत गेलात तरी चालेल. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. या दोन्हींत बिघाड असला की विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. पावडर मात्र बंद करा. गेमचं म्हणाल तर २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा सरावांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. खेळणारा त्या खेळात तरबेज होतो, वाचन किंवा आकलन त्याने सुधारल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. करमणूक म्हणून खेळा, औषध म्हणून नको.

आता करायचं काय. सर बोलायला लागण्याच्या आधी एवढंच विचारा: "सर, प्रकरण कशाचं, आणि कोणी कोणाचं काय अडवलं?" हे वरवरचं वाटेल, पण यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये विद्यार्थ्यांना एक परिच्छेद ऐकवला. आधी वेगवेगळे ढीग करायचे, एका वेळी फार जास्त घ्यायचं नाही, घरी सोय नसेल तर दुसरीकडे जावं लागतं, अशी वाक्यं. एकही शब्द अवघड नाही आणि तरी कोणाला धड समजलं नाही, लक्षातही राहिलं नाही. ज्यांना आधीच सांगितलं होतं की विषय कपडे धुण्याचा आहे, त्यांना सगळं कळलं. आणि ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे सर शेवटी "अहो, शेतरस्त्याचं आहे ना ते!" म्हणून ओरडतात, तेव्हा वेळ गेलेली असते.

दुसरं, कीबोर्डशेजारी एक कोरा कागद ठेवा आणि पक्षकारांची खरी नावं त्यावर लिहा, क्रमांकासमोर. डोक्यात 'क्रमांक १' आणि 'क्रमांक २' ठेवू नका, त्या माणसांची नावं ठेवा. वेगळ्या प्रकारचे शब्द एकमेकांत कमी मिसळतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. आणि शेवटी टाईप करताना नावाचा क्रमांक कागदावरून घ्या. सर 'त्याने' म्हणाले की हात थांबवा आणि विचारा, "कोण, सर?" अर्जात 'त्याने' राहू देणं हा त्यांचाच दोष आहे. तुम्ही तिथे क्रमांक घातलात ही बुद्धी बरोबर होती, क्रमांक तेवढा विचारायचा राहिला.

तिसरं जरा वेळखाऊ आहे. ऑफिसातल्या निकाली निघालेल्या फायली काढा आणि रोज एक अर्ज मोठ्याने वाचा. अडवलेल्या शेतरस्त्याच्या अर्जाचा सांगाडा ठरलेला असतो, कारण तो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली करायचा असतो: शेत कोणाचं, रस्ता कुठून, वहिवाट किती जुनी, अडथळा कोणी घातला, कधी घातला, मागणी काय. 'कधी' फार महत्त्वाचं, कारण अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. हे माहीत झालं की 'काट्याचे कुंपण' ऐकताच तुमचं मन तारखेची वाट बघायला लागेल. सरांच्या त्या वाक्यात तारीख नाही, बघितलंत? कदाचित पुढच्या वाक्यात असेल. पण मुन्शीजींना ती नसल्याचं लगेच खटकलं असणार. विचारून बघा त्यांना. आणि त्यांच्याकडून तो सांगाडा समजावून घ्या. अशा माणसांना कोणी विचारत नाही आणि विचारलं की ते चहा मागवून सांगतात.

नोकरी सोडू नका. निदान वर्षभर तरी नाही. घरी टिफिन, मुलं, बसचा प्रवास हे सगळं उरकून तुम्ही अकराला खुर्चीत बसत असाल, तर लांब डिक्टेशन सकाळीच घ्यायचा आग्रह धरा. दुपारी चारनंतर थकलेल्या डोक्याला अशी वाक्यं कोणालाच झेपत नाहीत.

सरांना काय सांगायचं, तर हे: "सर, तुमचे शब्द जसेच्या तसे यावेत म्हणून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग करू का? टाईप झालं की तुमच्यासमोर पुसून टाकते. आणि 'घेतलेल्या', 'जाणाऱ्या' असा शब्द आला की तिथे एक श्वास थांबाल का?" पक्षकारांची माहिती असते, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. स्मरणशक्तीचा विषय तुम्ही काढू नका, प्रयोगबियोग तर अजिबात सांगू नका. दुरुस्तीचा अर्ज टळेल एवढंच सांगा, वकिलाला तेवढं पुरतं. आणि हे पेशीच्या दिवशी सकाळी नको. कोर्टाला सुट्टी असलेल्या एखाद्या शनिवारी बोला.